संगीतशिक्षण, मावळ–लोणावळा परिसरातील

संगीतशिक्षण, मावळ–लोणावळा परिसरातील : पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मावळ तालुका व त्यातील लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत इ. गावे यांत रूढ झालेल्या संगीत शिकण्याच्या पद्धती आणि त्यांच्यातील निवडीचा प्रश्न यांचा इतिहास. या परिसरात संगीत शिकण्याचे तीन मार्ग वेगवेगळ्या काळी आले : भजनाच्या फडात उभे राहून शिकणे, गुरूच्या घरी तालीम घेणे आणि विद्यालयात वा वर्गात अभ्यासक्रमानुसार शिकून परीक्षा देणे. नवा मार्ग आला म्हणून जुना लोपला, असे येथे घडले नाही. तिन्ही मार्ग शेजारी शेजारी चालू राहिले. त्यामुळे कोणत्या मार्गाने जावे हा प्रश्न येथील शिकणाऱ्यापुढे प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहिला. मावळ हा पुणे व मुंबई या दोन मोठ्या संगीतकेंद्रांच्या मधला प्रदेश असल्याने या प्रश्नाला अंतर, खर्च व वेळ यांचीही बाजू आहे.

पार्श्वभूमी : या परिसरातील संगीताचा पुरावा प्राचीन आहे. मळवलीजवळील भाजे येथील बौद्ध विहारातील शिल्पपटात (इ. स. पू. दुसरे–पहिले शतक) धनुष्याकृती वीणा वाजविणारी व्यक्ती व तिच्यासमवेत नर्तकी कोरलेली आढळते. तथापि त्या काळी हे वादन व नर्तन कसे शिकविले जाई, हे शिल्पावरून कळत नाही. शिक्षणपद्धतीचा माग लागतो तो भक्तिपरंपरेपासून.

फडावरील शिक्षण : लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहू व आळंदी येथे जाते. तिच्या काठावरील गावांत वारकरी भजन हेच बहुसंख्य लोकांचे संगीतशिक्षण होते. इंदुरीजवळील भंडारा डोंगर हे तुकारामांचे चिंतनस्थान मानले जाते; त्यांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक व अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी याच तालुक्यातील सुदुंबरे येथे आहे. टाळकरी हा कीर्तनातील केवळ साथीदार नव्हे, तर एका अर्थाने विद्यार्थीही होय. तो प्रथम मागच्या ओळीत उभा राहून टाळ धरतो. लय अंगी मुरल्यावर ध्रुपद झेलतो. काही वर्षांनी चाल उचलतो आणि त्यांतील एखादाच पुढे विणेकरी, पखवाजी वा कीर्तनकार होतो. या पद्धतीत शुल्क नाही, प्रवेशाची अट नाही आणि परीक्षाही नाही. भातलावणीच्या दिवसांत ती मंदावते आणि कार्तिकातील काकडआरती, हरिनाम सप्ताह व चैत्रातील जत्रा यांत जोर धरते. म्हणजेच शिक्षणाचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकाला जुळलेले असते. विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी १९१७ मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हा या परंपरेला प्रथमच निश्चित मुदतीच्या अभ्यासाचे रूप आले. ग्रंथाध्ययनाबरोबर गायन व मृदंग यांचेही शिक्षण तेथे मिळू लागले.

या मार्गाचे बळ लय, खुला आवाज व पाठांतर यांत आहे. शेकडो अभंग चालींसह मुखोद्‌गत असणारा भजनी आजही खेड्यात आढळतो. त्याची मर्यादा अशी की, रागाचे नाव, त्याचे आरोह–अवरोह वा आलापाची शिस्त यांची ओळख त्यात ओघानेच झाली तर होते. शिवाय फडाच्या ओळीत स्त्रियांना दीर्घकाळ समान स्थान नव्हते. स्त्रियांच्या भजनी मंडळांनी ही उणीव पुढे काही प्रमाणात भरून काढली.

गुरुगृहीचे शिक्षण : ख्यालगायकीची तालीम ही प्रायः गुरूच्या घरी राहून वा नित्य जाऊन घ्यावयाची गोष्ट होती [⟶ घराणी, संगीतातील]. गंडाबंधनाने शिष्यत्व सुरू होई; गुरुसेवा, दीर्घकाळ एकाच रागाचा रियाज आणि मैफलीत गुरूमागे तंबोऱ्यावर बसून करावयाचे श्रवण, ही त्याची अंगे होत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेर परंपरेची विद्या अशा कष्टाने मिळवून ती महाराष्ट्रात आणली. या पद्धतीने घडलेले कलावंत पाहता तिच्या सामर्थ्याविषयी शंका राहत नाही. मात्र ती मिळणे सर्वस्वी योगावर अवलंबून असे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांना अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले इत्यादींकडे खंडित शिक्षण घ्यावे लागले. गुरूचे स्थलांतर झाले की तालीम थांबे. १९२१ मध्ये अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे शिष्यत्व लाभल्यानंतरच त्यांचे शिक्षण सलगपणे झाले.

मावळापुढील अडचण याहून मूलभूत होती. नामवंत गवयांचा वास प्रामुख्याने संस्थानांच्या राजधान्यांत, पुण्यात वा मुंबईत असे. खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यावर हा परिसर दोन्ही शहरांना जोडला गेला. लोणावळ्याहून पुणे ६४ किमी. व मुंबई १२८ किमी. लोहमार्गाने आहे; तळेगावहून पुणे अवघे ३४ किमी. पुणे–लोणावळा उपनगरी गाडी १९७८ मध्ये सुरू झाली आणि आठवड्यातून एकदोनदा शहरात जाऊन तालीम घेऊन परतणे नोकरदार वा विद्यार्थी यांना शक्य झाले. रेल्वेने जाऊन तालीम घेण्याचे प्रसिद्ध उदाहरण कर्नाटकातील आहे : गंगूबाई हनगल (१९१३–२००९) हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे (१८८६–१९५२) जात. त्यांचे गुरुबंधू भीमसेन जोशी (१९२२–२०११) मात्र गुरुगृहीच राहिले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य पाहता, निवासापेक्षा तालमीतील सातत्य व घरचा रियाज निर्णायक ठरतो, असे म्हणण्यास आधार मिळतो.

विद्यालयीन शिक्षण : सार्वजनिक संस्थेतून संगीत शिकविण्याचा विचार पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ धरू लागला. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली. या विचाराला चळवळीचे रूप दिले ते विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी. मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गुरुगृही शिकलेल्या पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले व १९०८ मध्ये मुंबईस शाखा काढली. प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींना उघडपणे संगीत शिकता यावे, हा त्यांचा प्रयत्न होता. त्यासाठी त्यांनी इयत्ता, क्रमिक पुस्तके, स्वरलेखन व परीक्षा यांची योजना केली. पण पुढे शिक्षक व प्रचारक म्हणून काम करावयाच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जो उपदेशक वर्ग चालविला, तो निवासी होता. विद्यालयाच्या प्रवर्तकालाही शिक्षक घडविण्यासाठी गुरुकुलाचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कर्जामुळे मुंबईची वास्तू पुढे लिलावात गेली. परंतु १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने परीक्षांची परंपरा देशभर नेली. विनायकबुवा पटवर्धन (१८९८–१९७५) यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याआधी भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी १९११ मध्ये पुण्यातच भारत गायन समाजाची स्थापना केली होती. मावळातील विद्यार्थ्याला जवळची अशी ही केंद्रे होत.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दुसऱ्या बाजूने हेच कार्य केले. घराण्यांच्या पोथ्यांत व कंठांत बंदिस्त असलेल्या चिजा त्यांनी संकलित करून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर बिंदू, अशी त्यांची सुबोध लेखनपद्धती आहे. १९२६ मध्ये लखनौस स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयाने त्यांच्या पद्धतीचा प्रसार केला. एखादी बंदिश गुरूच्या मर्जीवाचून पाहावयास मिळणे, हा या पुस्तकांनी घडविलेला मोठा बदल होता. छोट्या गावातील शिक्षकाला त्यामुळे शिकविण्याची सामग्री मिळाली. अर्थात स्वरांमधील मींड, कण, आंदोलन व शब्दाचा उच्चार लेखनात पूर्णपणे उतरत नाहीत. ते मुखानेच शिकावे लागतात.

मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार अशा चढत्या पायऱ्यांच्या आहेत. केंद्र जवळ असले की गावात राहूनही त्या देता येतात. म्हणून लहान गावांतील खाजगी वर्ग प्रायः याच अभ्यासक्रमावर चालतात. एकविसाव्या शतकात शालान्त परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांची सवलत आली व वर्गांकडील ओघ वाढला. मात्र ठराविक मुदतीत ठराविक राग ‘पुरे’ करण्याची घाई हा या पद्धतीवरील जुना आक्षेप आहे. अनेक राग परीक्षेपुरते येणे आणि एक राग अर्धा तास मांडता येणे, या दोन वेगळ्या सिद्धी होत.

समन्वयाचे प्रयत्न : दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात वारंवार झाले. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या आर्य संगीत विद्यालयात विद्यार्थी गुरूजवळच राहत. बी. आर. देवधर (१९०१–९०) यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढले. तेथेच कुमार गंधर्व (१९२४–९२) यांची जडणघडण झाली. वर्ग चालविणारा शिक्षक एखाद्या शिष्याचा गुरूही होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात स्थापन झालेल्या ललित कला केंद्राने ‘गुरुकुल’ हे नाव स्वीकारून विद्यापीठीय पदवी व गुरूकडील तालीम यांची सांगड घातली.

यंत्रांद्वारे शिक्षण : भारतात १९०२ पासून ध्वनिमुद्रण सुरू झाले. ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांमुळे दूरच्या गवयाचे गाणे खेड्यापर्यंत पोहोचले. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. ऐकून शिकण्याची ही वाट उपयुक्त असली, तरी तीत चूक दाखविणारा कोणी नसतो. २०२० मधील करोना साथीच्या काळात आंतरजालावरून थेट शिकविण्याची पद्धत सर्वत्र पसरली आणि घाटमाथ्यावरील विद्यार्थ्यालाही दूरच्या शहरातील गुरू उपलब्ध झाला. स्वरातील दोष, उच्चार व बंदिशीचा आराखडा या पद्धतीने सांगता येतो. परंतु ध्वनी पोहोचण्यास लागणाऱ्या अल्प विलंबामुळे गुरू व शिष्य यांना एकाच वेळी गाता येत नाही व तबल्याची साथही जुळत नाही. गुरूच्या आवाजात आवाज मिळवून गाणे हा तालमीचा गाभा असल्याने ही उणीव किरकोळ नव्हे.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून कोणतीही एक पद्धती सर्वांना सारखीच हितकर नाही, हे स्पष्ट होते. लहान वयात स्वर व लय पक्की होण्यास भजन व सामुदायिक गायन यांचा उपयोग अधिक. शास्त्राची ओळख, वाचन व अभ्यासाची शिस्त यांसाठी वर्ग सोयीचा. तर गायक–वादक म्हणून उभे राहावयाचे असल्यास एका गुरूची प्रदीर्घ तालीम अपरिहार्य ठरते. शुल्क, प्रवास व घरी रियाजासाठी मिळणारा वेळ यांचा हिशेबही आवश्यक असतो. चार महिन्यांच्या अतिवृष्टीत गाडीची अनिश्चितता, तसेच दमट हवेत सैलावणारी तबल्या–पखवाजाची पुडी व उतरणारा तंबोरा, या लोणावळ्याच्या बाजूच्या नेहमीच्या अडचणी आहेत. वर्ग निवडताना इमारत वा प्रमाणपत्र यांपेक्षा शिक्षक स्वतः गाऊन दाखवितो काय, प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे गाऊ देतो काय व चूक तेथल्या तेथे दुरुस्त करतो काय, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.

या निवडीत केवळ वैयक्तिक सोय गुंतलेली नाही. फडावरच्या चाली पुढील पिढीने उचलल्या नाहीत, तर त्या पुस्तकांतून पुन्हा उभ्या राहणार नाहीत. आणि शास्त्रीय तालीम शहरापुरतीच राहिली, तर खेड्यातील उत्तम गळा कायम टाळकऱ्यांच्या ओळीतच राहील. ज्या गावात भजनी मंडळ व संगीतवर्ग यांचा परस्परांशी संबंध राहतो, तेथे या दोन्ही हानी टळण्याचा संभव असतो : पखवाज फडावर शिकलेला मुलगा वर्गात तालाचे शास्त्र लवकर समजून घेतो आणि वर्गात राग शिकलेली मुलगी अभंगाची चाल अधिक डोळसपणे गाते. पलुसकरांनी गुरुगृही मिळविलेली विद्या विद्यालयात आणली. विद्यालयात मिळालेली विद्या पुन्हा गावच्या पारापर्यंत नेणे, हे त्या कार्याचे उरलेले अर्धे अंग म्हणता येईल.