परदेशातून येणाऱ्या आप्तांसाठी ई-अरायव्हल कार्ड

नाताळ जवळ आला की कोर्लई, रेवदंडा, अलिबाग या किनारपट्टीवरील कित्येक घरांत परदेशस्थ आप्तांची वाट पाहिली जाते. त्यांपैकी काहींनी परक्या देशाचे नागरिकत्व स्वीकारलेले असते. अशा पाहुण्यांना भारतात उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरावा लागतो. त्याविषयीची माहिती वाचकांसाठी येथे देत आहोत.

पूर्वपीठिका : पूर्वी परदेशातून येणारे सर्वच प्रवासी छापील आगमन कार्ड भरीत. भारतीय नागरिकांसाठी ते 2014 साली रद्द झाले. कोविडच्या साथीत ‘एअर सुविधा’ हा आरोग्यविषयक फॉर्म आला. त्याची सरसकट सक्ती 22 नोव्हेंबर 2022 पासून उठली. 1 ऑक्टोबर 2025 पासून परकीय नागरिकांसाठी छापील कार्डाच्या जागी ई-अरायव्हल कार्ड सुरू झाले. भारतीय पासपोर्टधारकांना ते लागू नाही. ओसीआय कार्डधारकांनी निघण्यापूर्वी अधिकृत सूचना पाहावी.

काय भरावे : आगमनापूर्वीच्या 72 तासांत पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक, भेटीचा हेतू, भारतातील पत्ता व संपर्क ही माहिती द्यावयाची असते. नाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यानुसार नव्हे, तर पासपोर्टवर छापले आहे तसेच लिहावे. केवळ ‘कोर्लई’ एवढाच पत्ता पुरेसा नाही. गाव, तालुका, जिल्हा व पिन कोड घरच्यांनी आधीच कळवून ठेवावा.

दोन सावधानता : हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावाच लागतो. दुसरे असे की, हे कार्ड पूर्णतः विनामूल्य आहे. सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे उभारून पैसे उकळणारे लोक आहेत. त्यांच्या हाती पैशांबरोबर पासपोर्टचा तपशीलही जातो. अधिकृत संकेतस्थळाच्या नावाचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो, हे पाहूनच माहिती भरावी.

आपण परदेशी जाताना : सिंगापूर, मलेशिया व थायलंड येथे जाणाऱ्या भारतीयांनाही असेच विनामूल्य कार्ड आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. थायलंडने ते 1 मे 2025 पासून सुरू केले.

धर्मग्रामातील तरुणांनी ही माहिती घरोघरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावी, म्हणजे अज्ञानापोटी कोणाची फसवणूक होणार नाही आणि आलेला पाहुणा विमानतळावर न खोळंबता वेळेत घरी पोहोचेल.