एका टवाळ शब्दाची कुळकथा

मॉस्कोत निकोलाय ग्लाझ्कोव नावाचा एक कवी होता. त्याच्या कविता कोणी छापत नसे. छापखाने सरकारचे, प्रकाशनसंस्था सरकारच्या आणि त्यांची नावंही एकाच साच्यातली : गोसलितइझदात म्हणजे सरकारी साहित्य प्रकाशन, व्होयेनइझदात म्हणजे लष्करी प्रकाशन. १९४०च्या दशकात ग्लाझ्कोव आपल्या कविता टाइप करून त्यांच्या वह्या बांधी आणि मित्रांना वाटे. पुस्तक म्हटलं की प्रकाशकाचं नाव हवंच. त्या जागी त्यानं लिहिलं, 'समसेब्याइझदात'. मराठीत, 'माझं मीच प्रकाशन'.

'इझदात'मधला 'इझ' म्हणजे बाहेर आणि 'दात' म्हणजे देणं. हा आपल्या संस्कृत 'दा' धातूचाच भाऊबंद. तेव्हा शब्दाचं नातं दातांशी नाही, दात्याशी आहे. पुढे तोंडातोंडी झिजून मधला 'सेब्या' गळाला आणि 'समिझदात' उरला. 'स्वप्रकाशन' हा त्याचा सरळ अर्थ, पण माझ्या मते तो फसवा आहे. कारण लेखक फार तर पहिली प्रत टाइप करी. बाकीच्या प्रती वाचक काढत.

तंत्र अगदी साधं. सिगारेटच्या कागदासारखे पातळ कागद, मधे कार्बन, आणि बोटांत जोर. टायपिंग क्लासला गेलेल्यांना माहीत आहे, चौथी-पाचवी प्रत म्हणजे धुकं. तेच धुकं एखाद्याला एका रात्रीपुरतं मिळे. घरातली माणसं एकेक पान एकमेकांकडे सरकवत रात्रभर वाचत बसत, आणि ज्याला मजकूर भिडे तो स्वतःच्या टंकयंत्रावर आणखी चार प्रती काढी. त्या काळचा एक विनोद असा : आजी रात्र रात्र 'युद्ध आणि शांती' टाइप करत बसते, कारण नात छापील पुस्तकाला हातच लावत नाही.

विनोदाची किंमत मात्र जबर होती. सिन्याव्हस्की आणि दानिएल या दोन लेखकांनी टोपणनावांनी आपलं लेखन परदेशात छापून घेतलं होतं. फेब्रुवारी १९६६मध्ये त्यांना अनुक्रमे सात आणि पाच वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. अशा परदेशी छपाईला लोकांनी जोडशब्द काढला, 'तमिझदात' : 'तम' म्हणजे तिकडे. पास्तरनाकचा 'डॉक्टर झिवागो' १९५७मध्ये मिलानला छापला गेला, अख्मातोवाचं 'रेक्विएम' १९६३मध्ये म्युनिकला. या वाटेवर आपली वकिलातही एकदा येऊन गेली. स्टालिनची मुलगी स्वेतलाना हिच्या आठवणींचं हस्तलिखित राजदूत टी. एन. कौल यांनी भारतात आणून सांभाळलं होतं.

३० एप्रिल १९६८ला 'चालू घटनांची बखर' हे समिझदात नियतकालिक निघालं. पहिल्या संपादक नतालिया गोर्बानेव्हस्काया. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचा निषेध करायला त्या तान्ह्या मुलाला बाबागाडीत घेऊन लाल चौकात गेल्या. पुढे त्यांना अटक करून मनोरुग्णालयात डांबलं, तरी बखर १९८३पर्यंत चालली. मजकूर कोरडा : कोणाची झडती, कोणावर खटला, कोणती छावणी. आणि बातमीदारी कशी? ज्याच्याकडून अंक मिळाला त्याला बातमी सांगा, तो त्याच्या आधीच्याला सांगेल. मात्र सगळी साखळी स्वतः शोधायला जाऊ नका, नाहीतर तुम्हालाच खबऱ्या समजतील, असं संपादकांनी बजावलं होतं. पोस्टखात्याला हेवा वाटावा अशी व्यवस्था.

तिकडचे मित्र या साखळीचंच दुसरं टोक होते. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल १९७१पासून बखरीची इंग्रजी भाषांतरं काढू लागली. म्युनिकचं रेडिओ लिबर्टी हेच कागद रशियनमधून वाचून दाखवी. मॉस्कोत टाइप झालेलं पान सीमेपार जाऊन रेडिओच्या खरखरीतून पुन्हा मॉस्कोत येई, आणि तिथे कोणीतरी ते ऐकून उतरवून घेई.

लेखकांची नावं जगाला पाठ झाली, टाइप करणाऱ्या बायकांची नाहीत. सोल्झेनित्सिन यांच्या 'गुलाग द्वीपसमूहा'ची प्रत तयार करणाऱ्या येलिझावेता वोरोन्यान्स्काया लेनिनग्राडला राहत. केजीबीनं त्यांची काही दिवस सलग चौकशी केली आणि लपवलेली प्रत कुठे आहे ते काढून घेतलं. ऑगस्ट १९७३मध्ये त्या मृतावस्थेत सापडल्या. मग मात्र सोल्झेनित्सिन यांनी बाहेर पाठवून ठेवलेली प्रत छापायला सांगितली. डिसेंबरात पॅरिसमध्ये पहिला खंड निघाला, आणि फेब्रुवारी १९७४मध्ये खुद्द लेखकाचीच हद्दपारी झाली.

टंकयंत्राची धास्ती एकट्या मॉस्कोलाच नव्हती. रुमानियात १९८३च्या हुकुमानं प्रत्येक टंकयंत्राची पोलिसांकडे नोंद करणं सक्तीचं झालं.

आणि ग्लाझ्कोव? तो काही बंडखोर पुढारी झाला नाही. पुढे सरकारी प्रकाशनांनीही त्याची पुस्तकं काढली. तारकोव्हस्कीच्या 'आंद्रेई रुब्ल्योव'मध्ये मात्र तो दिसतो : अगदी सुरुवातीला फुग्याला लटकून चर्चवरून झेप घेणारा आणि काही क्षणांत खाली कोसळणारा माणूस तोच. तो सिनेमा १९६६मध्ये पूर्ण झाला. सोव्हिएत चित्रपटगृहांत तो लागला १९७१मध्ये.