सेवावाहिन्यांचे नियमन, पाथर्डी
सार्वजनिक रस्त्याखालून व रस्त्यावरून जाणाऱ्या जलवाहिन्या, गटारे, वीजतारा व दूरसंचार केबल यांवरील नियंत्रण. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी येथे ते एका हाती नाही. शहरातील रस्ते, पाणी व गटारे यांची जबाबदारी १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार नगरपरिषदेकडे आहे, मात्र शहरातून जाणाऱ्या कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गाच्या (क्र. ६१) हद्दीत खोदाईसाठी महामार्ग प्राधिकाऱ्याची परवानगी लागते.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६७ नुसार महावितरणसारख्या परवानाधारकाला रस्ता खोदता येतो, पण नुकसान कमीत कमी करणे व पूर्ण भरपाई देणे बंधनकारक आहे. दूरसंचार केबलसाठी २०१६ च्या नियमांनी ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे मानले. त्यांची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या नियमांनी घेतली. लहान नगरपरिषदेकडे अभियंते मोजके असतात, म्हणून ६० दिवसांची ती मुदत तिच्यासाठी कठीणच होती.

खरी उणीव नकाशांची आहे. जुनी जलवाहिनी नेमकी कोठून गेली याची नोंद नसेल, तर केबलच्या चरात ती फुटते आणि पाणी बंद पडते. खोदाईपूर्वी संबंधित यंत्रणांना कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले.