बजाज चेतकची देखभाल व दुरुस्ती

बजाज चेतक ही बजाज ऑटो या कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेली भारतीय स्कूटर होय. राणा प्रताप यांच्या चेतक नावाच्या घोड्यावरून तिचे नाव ठेवण्यात आले. इटलीतील पियाजिओ कंपनीच्या वेस्पा स्प्रिंट या स्कूटरवर तिची मूळ रचना आधारलेली होती. पुण्याजवळील आकुर्डी येथे तिचे उत्पादन होत असे. २००९ साली कंपनीने स्कूटरनिर्मिती थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०२० पासून याच नावाने विकली जाणारी विद्युत स्कूटर रचनेने सर्वस्वी वेगळी आहे. प्रस्तुत लेखात जुन्या दोन-स्ट्रोक चेतकची घरगुती देखभाल, दुरुस्ती व सुधारणा यांचा विचार केला आहे.

रचना

चेतकला स्वतंत्र सांगाडा नसून दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे अंगच सर्व भार पेलते. इंजिन उजव्या बाजूच्या पॅनेलखाली असून त्याची क्षमता १४५.४५ घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास व पिस्टनचा पल्ला दोन्ही ५७ मिलिमीटर आहेत. इंजिनातील शक्ती साखळीविना, दातेरी चक्रांच्या साहाय्याने मागच्या चाकाला मिळते. चार गिअर डाव्या मुठीने बदलले जातात. झडपा, साखळी व पाण्याची शीतन-यंत्रणा नसल्याने बरीचशी कामे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग-पाना व फिलर गेज एवढ्या साधनांवर घरी करता येतात.

इंधन व वंगण

दोन-स्ट्रोक इंजिनातील पिस्टन व क्रँक यांना पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच वंगण मिळते. हे प्रमाण सामान्यतः २ टक्के, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर टू-टी ऑइल असे असते. तेल घालण्याचे विसरल्यास पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो व इंजिन जाम होते. धावत्या स्कूटरचे मागचे चाक अशा वेळी अचानक अडकू शकते, म्हणून तत्काळ क्लच दाबणे आवश्यक ठरते. तेल जास्त झाल्यास धूर वाढतो आणि प्लग, सिलिंडर-हेड व सायलेन्सर यांत कार्बन साचतो.

गिअरपेटीतील तेल वेगळे असून त्याचे प्रमाण सुमारे २५० मिलिलिटर असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. त्यामुळे स्कूटर दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवतात.

दोषांचे निदान

स्कूटर सुरू होत नसली की ती एका बाजूला कलती करून मग किक मारण्याची पद्धत घरोघरी रूढ होती. तिने कधी काम भागते. पण पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत का पोहोचत नाही, हा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. कॉकमध्ये साचलेला गाळ, टाकीच्या झाकणाचे बुजलेले हवेचे छिद्र किंवा अडकलेला जेट ही त्याची नेहमीची कारणे होत.

अनेक किक मारल्यानंतर प्लग काढून पाहिल्यास दोषाची दिशा कळते. प्लग कोरडा असल्यास इंधन पोहोचत नाही; ओला असल्यास ठिणगीत दोष असण्याचा संभव अधिक. चांगल्या स्थितीतील प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे दिसते. काळे व तेलकट टोक जास्त तेलाचे किंवा इंधनाधिक्याचे, तर पांढरे टोक हवेच्या अतिरेकाचे व फाजील उष्णतेचे लक्षण मानतात. प्लगमधील अंतर सुमारे ०.६ मिलिमीटर, तर जुन्या प्रकारच्या कॉन्टॅक्ट पॉइंटमधील अंतर ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात.

क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील झिजल्यावर दिसणारी लक्षणे भिन्न असतात. क्लचकडील सील फाटल्यास गिअरपेटीतील तेल इंजिनात ओढले जाते. दाट पांढरा धूर येतो व पेटीतील तेल घटते. मॅग्नेटकडील सील फाटल्यास बाहेरची हवा आत शिरते, इंजिन उभ्या जागी वेगाने फिरू लागते व पिस्टन जळण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात धूर नसला तरी स्कूटर चालवत राहणे अधिक घातक असते.

चाके, ब्रेक व पत्रा

चेतकच्या दहा इंची चाकाची रिम दोन पत्र्यांची असून ते नटांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाक ड्रमवरून काढण्यासाठी केवळ ड्रमचे नट सोडवावे लागतात. ट्यूबमध्ये हवा असताना रिम जोडणारे नट सोडल्यास दोन्ही भाग जोराने उसळून गंभीर इजा होऊ शकते. यासाठी पंक्चर काढण्यापूर्वी, तसेच स्टेपनी उघडण्यापूर्वी, संपूर्ण हवा सोडतात.

जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रममधील धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसणे सुरक्षित असते. क्लच, गिअर व ब्रेकच्या केबलचा एखादा तंतू तुटलेला दिसताच ती बदलतात.

पत्राच सांगाड्याचे काम करत असल्याने गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. पायदानावरील रबरी मॅटखाली पाणी साचून पत्रा आतून कुजतो. कोकण व मुंबईच्या दमट हवेत हा दोष विशेष आढळतो. कुजलेल्या भागावर केवळ लांबी भरून रंग दिल्यास कमजोरी झाकली जाते, दूर होत नाही. तेथे पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

सुधारणा व कायदा

कॉन्टॅक्ट पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन व ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट विद्युतव्यवस्था या उपयुक्त सुधारणा मानल्या जातात. मोठा सिलिंडर बसवल्यास उष्णता व वेग वाढतो. ड्रम-ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास निर्बंध आहेत. विद्युत संच बसवण्यासाठी तो मान्यताप्राप्त असावा लागतो आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. पुढे तपासणीनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मोठे फेरफार न केलेल्या खासगी वाहनाची ‘विंटेज’ म्हणून नोंद करता येते. मात्र असे वाहन नित्य वापरात आणता येत नाही. त्यामुळे आरंभीच्या वर्षांतील चेतकच्या बाबतीत मूळ भाग जपून ठेवण्याला कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे.