‘यू’वाचूनचा ‘क्यू’

स्क्रॅबल हा इंग्रजी शब्दांचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चौकटींचा पट, शंभर सोंगट्या, त्यांवर अक्षरे आणि अक्षरांचे गुण. हातातल्या सात सोंगट्यांतून शब्द जुळवायचा नि पटावर मांडायचा. या खेळाचा इतिहास वाचताना मला माझ्याच घरातले काही शब्द भेटले. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३१ साली, आल्फ्रेड बट्स नावाचा वास्तुविशारद बेकार झाला. रिकामपणी त्याने एक खेळ रचायला घेतला. कोणते अक्षर किती वेळा येते हे पाहण्यासाठी तो वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरे मोजत बसे. त्या हिशेबातून सोंगट्या ठरल्या. ‘ई’ सगळ्यांत जास्त, म्हणून त्याच्या बारा सोंगट्या नि गुण एक. ‘क्यू’ दुर्मीळ, म्हणून सोंगटी एकच आणि गुण दहा. १९४८ साली जेम्स ब्रुनो या गृहस्थाने खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिले. त्याचा अर्थ चाचपडणे, खरवडणे.

इंग्रजीत ‘क्यू’च्या मागोमाग बहुधा ‘यू’ येतो. आता हातात ‘क्यू’ आहे आणि ‘यू’ नाही, तर खेळाडूने काय करावे? दहा गुणांचा धनी असूनही तो अडकतो. अशा वेळी जे शब्द धावून येतात त्यांत चिनी ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती आहे, ‘कोफ’ हे हिब्रू अक्षर आहे. पण मोठा भरणा अरबीतून आलेल्या शब्दांचा. कादी, फकीर, किबला, निकाब, तलाक, कनात, आणि ‘कात’ म्हणजे येमेन, सोमालियाकडे चघळतात ती पाने.

असे का व्हावे? अरबीत ‘काफ’ नावाचे अक्षर आहे. त्याचा उच्चार घशात, पडजिभेपाशी होतो. हा ध्वनी रोमन लिपीत लिहिताना विद्वानांनी ‘क्यू’ वापरला आणि त्याच्यामागे ‘यू’ जोडला नाही. आपल्या मराठीने हा खटाटोप केलाच नाही. तिने ‘काफ’ला सरळ ‘क’च्या घरात राहायला जागा दिली. कलम, किल्ला, किंमत, कर्ज, हक्क, नक्कल हे सगळे त्याच अक्षराचे शब्द. ते परके होते हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसते. इंग्रजीने पाहुण्यांना त्यांच्याच पोशाखात ठेवले, म्हणून ते पटावर उठून दिसतात.

आता त्यांचे गुण पाहा. कादी म्हणजे आपला काझी, त्याला चौदा. तलाकला चौदा. कनातलाही चौदा. ही मांडवाची कनात नव्हे. इराणात डोंगराच्या पायथ्याचे भूजल उताराच्या भुयारातून, पंप नि मोटेवाचून, गावापर्यंत आणत, त्या भुयाराला कनात म्हणतात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणले ती नहर-ए-अंबरी याच विद्येची. तहानलेल्या शहराचे पाणी आणि एखाद्या बाईचा मोडलेला संसार, दोहोंचे मोल पटावर सारखेच! फकिराला मात्र सतरा गुण. काझीपेक्षा फकीर तिनाने श्रीमंत, एवढा एक न्याय मला आवडला.

स्पर्धेत उतरणारे बरेच खेळाडू अर्थाच्या वाटेला जातच नाहीत. २००३ साली थायलंडचा पानुपोल सुज्जयकोर्न इंग्रजी स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. तिकडच्या अनेक खेळाडूंनी इंग्रजी बोलण्याआधी शब्दांच्या याद्या पाठ केलेल्या असतात. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने तर फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि २०२४ साली स्पॅनिशचेही. या स्मरणशक्तीपुढे मी हात जोडतो. आम्ही कवीही मात्रा मोजतो, तेव्हा मोजण्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

पण अर्थ असा सहजी पटाबाहेर जात नाही. २०२० साली उत्तर अमेरिकेतील खेळाडूंच्या संघटनेने वंश, धर्म, लिंग यांवरून माणसांना हिणवणारे शब्द स्पर्धेच्या यादीतून काढून टाकले. पुष्कळांनी विरोध केला. पटावर शब्दाला अर्थ नसतो, फक्त गुण असतात, असे त्यांचे म्हणणे. उलट बाजू म्हणाली, ज्याला आयुष्यभर त्या शब्दाने हाक मारली गेली, त्याच्यासमोर तो मांडून तुम्ही गुण कसे मोजाल? मी या दुसऱ्या बाजूचा. शब्द कुणाला लागतो हे मोजणारा ठरवत नाही, ज्याला लागतो तो ठरवतो.

म्हणून घरात मुले हा खेळ खेळत असतील तर एवढेच करा. त्यांनी एखादा अनोळखी शब्द मांडला की गुण जरूर द्या. पण पुढची सोंगटी उचलण्याआधी विचारा, बाळा, हा शब्द कुठला, कुणाचा? ‘कनात’चा अर्थ ज्याला एकदा कळला, त्याला चौदा गुणांबरोबर थोडे पाणीही मिळेल.