डी मॉर्गन आणि दिल्लीचे रामचंद्र

मदुराईत १८०६ साली जन्मलेले ऑगस्टस डी मॉर्गन शैशवातच इंग्लंडला गेले. ‘मनुष्य प्राणी आहे, म्हणून मनुष्याचे मस्तक प्राण्याचे मस्तक आहे’ हे साधे अनुमान ॲरिस्टॉटलच्या संविधानात बसत नाही, हे त्यांनी दाखविले. ‘फॉर्मल लॉजिक’ (१८४७) नंतर १८६० च्या निबंधात त्यांनी संबंधांचेच तर्कशास्त्र उभारले.

त्यांच्या हाती १८५० मध्ये बेथून यांच्याकडून एक पुस्तक आले. दिल्ली कॉलेजातील शिक्षक रामचंद्र यांनी त्यात महत्तम व लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्राविना सोडविले होते. वर्गसमीकरणाची मुळे वास्तव असण्याची अट त्यांना पुरेशी होती. इंग्रजीतील हा ग्रंथ त्याच वर्षी कलकत्त्यात छापला गेला होता. डी मॉर्गन यांच्या आग्रहाने व देखरेखीखाली १८५९ मध्ये तो लंडनला पुन्हा निघाला. त्यांच्या दीर्घ प्रस्तावनेत रामचंद्र प्राचीन हिंदू बीजगणिताचे वारस ठरतात. हे कौतुक मनापासूनचे खरे. पण संबंधांच्या या अभ्यासकाने येथे एकच संबंध पाहिला, भास्कराचार्यांकडे जाणारा. रामचंद्रांचा दुसरा, कदाचित अधिक जिवंत संबंध उर्दूशी होता. युरोपीय विज्ञान ते उर्दूतून शिकवीत; ‘फवाइद-उन-नाझिरीन’ व ‘मुहिब्ब-ए-हिंद’ ही त्यांची नियतकालिके त्याच वाचकासाठी होती.

लंडनची आवृत्ती निघाली त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५७ च्या धामधुमीत, दिल्ली कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले होते.