पाण्याच्या वाटेने मागे

मार्गशीर्षातली सकाळ आहे. नवलाख उंबऱ्याहून तुम्ही जाधववाडी धरणाच्या काठावर येता. पाठीमागे तळेगाव एमआयडीसीतल्या कंपन्या आणि पुढ्यात सुधा नदीचं अडवलेलं पाणी. दुर्बीण डोळ्याला लावा. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी पक्षी थव्याने पोहताहेत. काठाशी शेकाट्या लांबसडक गुलाबी पाय उचलत, बारीक चोचीने चिखलावरचे किडे टिपतोय. खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. वीतभर पाणी आणि ओला गाळ, एवढ्यावरच त्याचं पोट चालतं.

आता मागे निघा. १९८७ साल, आषाढातला पाऊस. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा इंद्रायणी वाण नुकताच आलाय. खाचरांत चिखलणी झाली आहे, इरली पांघरून बाया वाकून आवण लावताहेत आणि बगळे त्यांच्या मागे मागे फिरताहेत.

आणखी मागे, १९२२. पश्चिमेला आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण उभं राहिलंय. आजवर पूर्वेकडे इंद्रायणीला मिळणारं पाणी आता सह्याद्री उतरून भिवपुरीला जातंय आणि त्यावर तयार झालेली वीज मुंबईला. मावळातली कसती जमीन मात्र पाण्याखाली गेली.

सतराव्या शतकात या. सुधा मोकळी वाहतेय. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसताहेत. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे याच मुलखातले. त्यांची समाधी पुढे सुदुंबऱ्याला होईल.

आता थेट दोन हजार वर्षांमागे, भाज्याच्या लेण्यात. कातळात खोदलेल्या टाक्यापाशी थांबा. वरच्या ब्राह्मी अक्षरांवरून नजर फिरवा. महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने हे टाकं, म्हणजे ‘पोढी’, दान दिल्याचं तिथे कोरलंय. ओंजळ भरा. पाणी गार आहे. देणारा कधी भेटणार नाही अशांचीही तहान या दानाने भागणार आहे.

परत काठावर या. मावळात प्रत्येक पिढीने पाणी आपल्या गरजेप्रमाणे अडवलं, वळवलं, वापरलं. त्यातलं विण्हुदत्ताचं देणं मला सर्वांत मोठं वाटतं, कारण ते दुसऱ्यांसाठी होतं. आज आपल्यालाही काठावरच्या पक्ष्यांसाठी तसं देणं शक्य आहे. धरणाच्या उथळ काठावर भराव, राडारोडा आणि सांडपाणी येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यासाठी करायला हवं. तेव्हा हिवाळ्यात इथे या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवा आणि काठावर राडारोड्याची गाडी रिकामी होताना दिसली, तर ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार करा.